हातांची जागा

“अगं, हा दमलेला नाहीये.”

अण्णांनी चित्राला हात लावला नव्हता. ग्रीसने काळे झालेले दोन्ही हात पाठीमागे धरून, मान पुढे काढून ते माझ्या हातातल्या फ्रेमकडे बघत होते. फ्रेमवाल्याकडून चित्र घेऊन निघाले होते, वाटेत त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान लागतं, आणि सायकलींचं चित्र त्यांना दाखवल्याशिवाय पुढे जाववेना, म्हणून वरचं वर्तमानपत्र सोडून त्यांच्यासमोर धरलं. दोन सायकलस्वार, खांद्याला खांदा भिडलेले, एक पिवळ्या जर्सीतला, एक जांभळ्या. मागे डोंगर, माणसांची गर्दी. कौतुक ऐकायला मिळेल अशी माझी खात्री होती. अण्णा बराच वेळ बघत राहिले आणि मग ते वाक्य म्हणाले. वर म्हणाले, “मुठी बघ त्या पिवळ्याच्या. आवळल्यात. नवशिका आवळतो मूठ. घाट चढून आलेल्याकडे आवळायला काही उरलेलं नसतं. तो हात नुसते टेकवतो.” एवढं बोलून ते वळले आणि उलट्या उभ्या केलेल्या सायकलच्या चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढायला लागले. मी वर्तमानपत्र पुन्हा गुंडाळलं. घरी आल्यावर चित्र भिंतीला लावायचं होतं, खिळासुद्धा ठोकून ठेवला होता. ते दोन महिने भिंतीला तोंड करून उभं राहिलं.

सायकल शर्यतींवर जीव असणाऱ्या कुणालाही तो प्रसंग सांगावा लागत नाही. १२ जुलै १९६४, टूर द फ्रान्स ही बरेच दिवस चालणारी शर्यत, आणि तिच्या वाटेवरचा प्वी द दोम हा विझलेला ज्वालामुखी. सगळ्या दिवसांची वेळ मिळून जो पुढे, त्याच्या अंगावर पिवळी जर्सी. पिवळ्या जर्सीत झाक आंक्तील, त्याच्या शेजारी रेमों पुलिदोर. चढावर पुलिदोर सरस, आणि ते आंक्तीललाही माहीत. तरी तो मागे राहत नाही. बरोबरीने चालवतो, म्हणजे समोरच्याला वाटावं की याच्यात अजून दम आहे. डोंगराच्या भिंतीकडून आंक्तील, दरीच्या कडेने पुलिदोर. एका क्षणी दोघांचे खांदे, कोपरं एकमेकांवर आपटतात. त्या क्षणाचा कृष्णधवल फोटो जगभर गेला. शिखराच्या थोडं अलीकडे पुलिदोर अखेर सुटला आणि त्या दिवशी ४२ सेकंद पुढे पोचला. पण पिवळी जर्सी आंक्तीलकडेच राहिली, अवघ्या १४ सेकंदांनी. दोन दिवसांनी पॅरिसला तो ५५ सेकंदांनी जिंकला. पुलिदोर या शर्यतीत आयुष्यात आठ वेळा पहिल्या तिघांत आला, तीनदा दुसरा आणि पाचदा तिसरा, पण ती पिवळी जर्सी त्याच्या अंगावर एक दिवससुद्धा आली नाही. तो २०१९ मध्ये गेला, आणि २०२१ मध्ये त्याच्या मुलीच्या मुलाने, मातिउ फान देर पुलने, ती मिळवली. त्या संध्याकाळी मी पोळ्या लाटता लाटता टीव्हीसमोर येऊन उभी राहिले होते. तवा तापून धूर निघायला लागला तेव्हा भान आलं.

मला त्या प्रसंगाची ओढ लागली ती आधी रंगांमुळे. फोटोत रंग नाहीत, पण पुलिदोरच्या संघाची जर्सी जांभळी होती हे ठाऊक होतं, आणि दुसरी तर पिवळीच. पिवळा आणि जांभळा. जलरंगात काम करणाऱ्याला या जोडीचं मोल कळतं. पिवळ्या कपड्यावरची सावली ही फार छळणारी गोष्ट आहे. काळा घातला की पिवळा शेवाळी होतो, निळा घातला की हिरवा. सावली पडायच्या ऐवजी कपडाच आजारी दिसायला लागतो. जांभळ्याचा पातळ हात दिला तर मात्र पिवळा मऊ, मातकट, उन्हातलाच राहून काळवंडतो. म्हणजे पुलिदोरच्या जर्सीचा रंग पाण्यात सैल करून मी आंक्तीलच्या पाठीवरची सावली काढू शकत होते. त्यांचे खांदे जिथे टेकले आहेत तिथे मी कागद ओला ठेवला आणि दोन्ही रंग एकमेकांत किती शिरतात ते नुसतं बघत बसले. तिथे एक तपकिरी-सोनेरी कडा तयार झाली, ती मी ठरवून काढलेली नव्हती. त्या कडेसाठी मी ते चित्र फ्रेम केलं.

आणि हात? अप्पा बळवंत चौकात काढून आणलेल्या प्रिंटमध्ये खालचा भाग काळा झाला होता. हँडल कुठे आणि बोटं कुठे, काही कळत नव्हतं. मी ते मनाने भरले. एवढ्या चढावर, एवढ्या चुरशीत माणूस हँडल घट्टच धरणार, असं गृहीत धरून चार बोटं, अंगठा, वर ताणलेल्या शिरा.

जे मी बघितलं नव्हतं, नेमकं तेच अण्णांनी पकडलं.

मी या चित्रांकडे वळले ती एका जुलैमध्ये. बाहेर आठ-आठ दिवस ऊन नाही, दोरीवरचे कपडे कुबट, भिंतीला ओल, आणि संध्याकाळी पडद्यावर सूर्यफुलांची शेतं, पांढरे धुरळ्याचे रस्ते, अंगावरून घाम निथळणारी माणसं. आपल्याकडे रात्रीचे आठ-साडेआठ होत असतात तेव्हा तिकडे शेवटचा घाट सुरू असतो. मी ताटं घेता घेता बघायची. मग शेजारी कागद ठेवायला लागले. कॅमलच्या डबीतल्या रंगांवर एलिमेंटरी, इंटरमिजिएट झालेली होते, त्यानंतर पंचवीस वर्षं ब्रश हातात नव्हता. पहिल्या चित्रांत मी प्रत्येक सायकलची प्रत्येक तार काढायची. सगळ्या सायकली जागच्या जागी उभ्या. पुढे समजलं की फिरतं चाक काढायचंच नसतं. रिमचा वरचा थोडा भाग, जमिनीला टेकतो तिथला थोडा, बाकी मधे स्वच्छ पाण्याचा ब्रश फिरवून रंग उचलून घ्यायचा. डोळा स्वतः ते चाक पुरं करतो. आणि शंभर-दीडशे जणांचा घोळका काढायचा तर माणसं मोजायची नाहीत. सगळा घोळका एकाच ओल्या थरात, लाल निळे पांढरे रंग त्यातच सोडून द्यायचे, हेल्मेटांच्या ठिकाणी कागद कोरा, आणि वाळल्यावर मधल्या अंधाऱ्या फटी भरल्या की आतून माणसं बाहेर येतात. ते शर्यतीतही तसंच असतं. पुढच्याच्या पाठीमागे दडून चालवलं की वाऱ्याचा मार कमी लागतो, म्हणून सगळे एकमेकांना इतके चिकटून चालतात की कुणाचं कोपर कुणाचं ते कळत नाही.

यात हवामानाचाही वाटा असतो. मे महिन्यात पुण्यात आभाळाचा हात मारून ब्रश धुवून वळेपर्यंत कागद खडखडीत, कडा पडलेल्या. जुलैमध्ये तोच हात अर्धा-अर्धा तास ओला. शर्यत फ्रान्समधल्या कडक उन्हातली आणि ती मी रंगवते शनिवार पेठेतल्या दमट हवेत. माझ्या चित्रांतलं ऊन त्यामुळे थोडं ओलसर येतं. मला ते आवडतं. हातकागद संस्थेचा जाड कागद मी बरेचदा वापरते. १९४० पासून शिवाजीनगरला हाताने कागद करणारी ती संस्था. त्या कागदाला एक खरखरीतपणा आहे, कोरडा ब्रश त्यावरून आडवा ओढला की रंग उंचवट्यांवरच बसतो आणि खळग्यांत पांढरे ठिपके राहतात. दगडी रस्त्यावर उडणारी धूळ अशी आपोआप येते.

झाँ मेत्सांजे या फ्रेंच चित्रकाराचं १९१२ मधलं एक तैलचित्र आहे, व्हेनिसच्या पेगी गुगेनहाइम संग्रहात. त्या वर्षीच्या पॅरिस–रूबे या दगडी रस्त्यांवरून जाणाऱ्या सायकल शर्यतीचे शेवटचे मीटर. त्यातल्या सायकलस्वाराच्या डोक्यातून आणि दंडातून पलीकडची गर्दी दिसते. माणूस इतक्या वेगाने गेला की तो आणि त्याच्या मागचं जग एकाच जागी उरलं. रंगात वाळूही मिसळली आहे. मी ते फक्त छापील पाहिलं आहे, पण पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, हे काम तर जलरंगाचं. इथे एकावर एक पारदर्शक थरच असतात, खालचा वरच्यातून दिसणारच. त्यानंतर बरेच दिवस मी सगळ्यांनाच पारदर्शक करत सुटले. माणसं जाऊन नुसता वेग उरला. सुंदर दिसायची ती चित्रं, लोकांना आवडायचीही. आता उलटून पाहते तेव्हा त्यांतल्या एकाही माणसाला वजन नाही.

हातांची गोष्ट खरं तर मला आधीच सापडायला हवी होती. पॅरिस–रूबे १८९६ पासून चालू, पण बायकांची पहिली शर्यत झाली ती २ ऑक्टोबर २०२१ ला. लिझी डाइग्नन ८० किलोमीटरहून जास्त अंतर एकटी पुढे राहून जिंकली. ते ओबडधोबड दगडी रस्ते, त्यात ओल, चिखल, आणि हातात मोजे नाहीत. शर्यत संपल्यावर तिच्या हातांची कातडी सोललेली होती, हँडलच्या टेपला रक्त लागलेलं होतं. तो फोटो मी चित्रासाठी समोर ठेवला होता. करडा, मातकट रंग जमले. रक्ताचा लाल घेतला, पाण्यात सैल केला, आणि ब्रश टेकवता आला नाही. तो रंग त्या करड्यावर फार देखणा दिसणार होता. दुसऱ्याच्या सोललेल्या तळव्यातून मी माझ्या चित्रासाठी एक छान लाल ठिपका मिळवणार, हे मनाला पटेना. कागद तसाच ठेवून दिला. आजही वाटतं, काढायला हवं होतं. तिनेच तर ते हात सगळ्यांसमोर धरले होते. जे लपवलं नाही त्याकडे बघायला मी का कचरले?

अण्णांच्या त्या वाक्यानंतर मी बोपदेव घाटात जायला लागले. रविवारी पहाटे कोंढव्याच्या बाजूने मुलं-मुली, पन्नाशीचे गृहस्थ, सगळे चढत येतात. मी वरच्या एका वळणावर कठड्याला टेकून बसायची, मांडीवर वही. चेहऱ्यांकडे बघायचं नाही, पायांकडे नाही, फक्त हात. पहिल्याच दिवशी अण्णा खरे ठरले. नवीन सायकल घेतलेला मुलगा हँडल असा आवळून येतो की बोटांची पेरं पांढरी पडतात, खांदे कानाला लागतात. जे मुरलेले असतात त्यांची बोटं ब्रेकच्या वर सैल पसरलेली, एखादा एक हात सोडून बोटं उघडून झटकतो आणि परत ठेवतो. आणि जे अगदी संपत आलेले असतात त्यांचे हात वेगळेच. मनगट आतल्या बाजूला पडलेलं, तळव्याच्या खालच्या गादीवर सगळा भार, बोटं कशालाही धरत नाहीत. शरीराने हातांना सांगितलेलं असतं, तुम्ही राहा इथे, मी पायांकडे बघतो. वहीची वीस-पंचवीस पानं भरली. पण वहीतले हात घरी येऊन चित्रात घातले की ते बोपदेवचेच राहायचे, आंक्तीलचे व्हायचे नाहीत. रविवारी हौसेने दमणं आणि तिथलं दमणं यांत फरक पडत असावा, किंवा मला अजून दिसत नसावं.

मग जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर आली. पाच दिवस, ४३७ किलोमीटर, परदेशातले संघ आपल्या रस्त्यांवर. ज्यांना मी पडद्यावर बघून रंगवत होते तसली माणसं मुळशीच्या रस्त्याने जाणार! सकाळपासून जाऊन उभी राहिले. नव्या डांबराचा वास, शाळेची पोरं झेंडे घेऊन, एक आजी दारात खुर्ची टाकून बसलेल्या. पोलिसांच्या मोटरसायकली गेल्या, शिट्ट्या झाल्या, आणि मग आवाज आला. टीव्हीवर तो आवाज कधी कळला नव्हता. शेकडो चेनींची एकत्र सरसर, आणि ती पोचायच्या आधी एक वारा अंगावर येतो, पदर उडतो, आणि ते गेलेले असतात. मी हात बघायचे ठरवून गेले होते. मला लाल, निळा, पांढरा एवढंच दिसलं. सगळं मिळून दहा-बारा सेकंद. पोरं अजून ओरडत होती. आजी म्हणाल्या, “झालं?”

झालं नव्हतं. दोन-तीन मिनिटांनी एक जण एकटा आला. गुडघ्याला खरचटलेलं, जर्सी खांद्यावर फाटलेली. पडून परत उठलेला असणार. आजी उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या, एकट्यानेच आधी, मग आम्ही सगळ्यांनी. त्याचे हात मला दिसले. हँडलवर ठेवलेले होते. कुणी सामान ठेवावं तसे.

तिथून परतताना, बसमध्ये खिडकीला डोकं टेकून, मला बाबांचे हात आठवले. बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात. सकाळी सायकलने जायचे, संध्याकाळी सायकलने यायचे, आणि आठवड्यातून दोनदा घरी न येता आधी डेक्कनला माझ्या चित्रकलेच्या क्लासपाशी यायचे. मी तिसरी-चौथीत. दांडीवर आडवी बसायची, मांडीवर पॅड. दांडीवर बसलेल्या पोराला सायकल चालवणारा दिसतच नाही. चेहरा डोक्याच्या वर कुठेतरी, पाय खाली. डोळ्यांसमोर सबंध रस्ताभर दोनच गोष्टी असतात, डावा हात आणि उजवा हात. बाबांच्या उजव्या मनगटावर एचएमटीचं घड्याळ, नखांच्या कडांना मशीनचं तेल, साबणानेही न जाणारं. क्लासपासून निघताना हात नुसतेच असायचे. नदी ओलांडून पेठेत शिरेपर्यंत त्यांचं बोलणं कमी कमी होत जायचं, श्वास माझ्या केसांत गरम लागायला लागायचा, आणि बोटं एकेक करून हँडल सोडायची. आधी करंगळी. मग तिच्या शेजारचं बोट. शेवटी तळवाच टेकलेला राहायचा. मला भीती वाटायची की सायकल पडेल, म्हणून मी दोन्ही हातांनी हँडलचा मधला भाग पकडायची. घट्ट. मूठ आवळून.

आंक्तीलला मी माझेच हात दिले होते.

बाबा आम्हाला मुंबई–पुणे शर्यत बघायलाही न्यायचे, वाकडेवाडीला. खांद्यावर भाऊ, बोटाला मी. दुसऱ्या दिवशी पेपरात पहिला कोण यापेक्षा ‘घाटाचा राजा’ कोण ते ते आधी वाचायचे. तिकडे टूर द फ्रान्समध्ये डोंगरावरच्या सर्वोत्तमाला लाल ठिपक्यांची जर्सी मिळते, १९७५ पासून, हे मला फार नंतर कळलं. मला वाटायचं राजा फक्त आपल्या घाटात होतो. अण्णा त्या शर्यतीत दोनदा उतरले होते, तेही बाबांनीच सांगितलेलं. मडगार्ड, कॅरियर, स्टँड, सगळं काढून टाकलेल्या साध्या सायकलवर. कितवे आले ते अण्णा कधी बोलले नाहीत. मी परवा विचारलं तेव्हा म्हणाले, “खंडाळ्याला पाय होते गं. हात गेले होते. ब्रेक दाबता येईना उतारावर.”

मी तेव्हा दुकानात गेले होते ती काम घेऊन. प्वी द दोमचं चित्र पुन्हा करायला घेतलं आहे. आधीचं दुरुस्त होण्यातलं नव्हतं, जलरंगात मुठी उघडता येत नाहीत. तीन कागद वाया गेले. चौथ्यावर डोंगर झाला, गर्दी झाली, पिवळा झाला, जांभळा झाला, खांद्यांमधली ती कडा आधीसारखी आली नाही पण वेगळी, जरा गडद आली. हातांची जागा कोरी ठेवली आहे. अण्णांना म्हटलं, “तुम्ही जरा सायकलवर बसून दाखवा ना. दमल्यावर कसे धरता हात, तेवढंच.” ते ट्यूबला सोल्युशन लावत होते. म्हणाले, “असं दाखवून येतं होय ते? रात्री दुकान बंद करताना ये.”

साडेआठला गेले. त्यांनी बाहेरच्या सायकली एकेक आत घेतल्या, पंप आत ठेवला, पाण्याचं घमेलं गटारावर ओतलं. शटर ओढताना एकदा अर्ध्यात थांबले. मी पुढे झाले तर मानेनेच नको म्हणाले. दोन कुलुपं लावली. डब्याची पिशवी हँडलला अडकवली आणि स्वतःची सायकल रस्त्यावर घेऊन, चढायच्या आधी, क्षणभर तसेच उभे राहिले. दिव्याचा उजेड वरून येत होता. तळवे हँडलवर होते, मनगटं आत पडलेली, अंगठे सैल, उजव्या हाताची करंगळी हवेत.

“बघितलंस?”

“हो.”

“मग काढ. मी थांबतो.”

मी वही उघडली आणि आधी करंगळी काढली.